बहुवारिक मिश्रणांच्या पृष्ठभागांचे आणवीय प्रेरणा सूक्ष्मदर्शन

बहुवारिक मिश्रणांच्या पृष्ठभागांचे आणवीय प्रेरणा सूक्ष्मदर्शन : दोन किंवा अधिक बहुवारिके (अनेक लहान रेणू एकमेकांस जोडले जाऊन बनलेली प्रचंड रेणूंची संयुगे) एकत्र मिसळून तयार केलेल्या पदार्थाच्या पृष्ठभागावर घटकांची वाटणी कशी झाली आहे, हे अतिसूक्ष्म टोकाच्या एषणीने तो पृष्ठभाग चाचपून ठरविण्याची पद्धती. या पद्धतीत प्रकाश वा इलेक्ट्रॉन यांनी प्रतिमा बनत नाही. एषणीचे टोक व पृष्ठभागावरील अणू यांच्यातील प्रेरणा मोजून पृष्ठभागाची उंचसखलता, कठीणपणा, चिकटपणा व घर्षण यांचे नकाशे तयार केले जातात. प्लॅस्टिके, रबरे, रंगलेप, आसंजके (चिकटविणारे पदार्थ) व विद्युत् संवाहक बहुवारिके यांचे अनेक गुणधर्म पृष्ठभागालगतच्या काही नॅनोमीटर जाडीच्या थरावर अवलंबून असतात (१ नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जांश भाग, यापुढे नॅमी.). म्हणून या अभ्यासास उद्योगात व संशोधनात महत्त्व आले आहे.

मिश्रणांचे स्वरूप : पाणी व अल्कोहॉल यांसारखे लहान रेणूंचे द्रव सहज एकजीव होतात. बहुवारिकांच्या बाबतीत मात्र एकजीव होणे हा अपवाद आहे. दोन पदार्थ मिसळताना एंट्रॉपीत (अव्यवस्थिततेच्या मापात) होणारी वाढ रेणूंच्या संख्येवर अवलंबून असते. दीर्घ शृंखलेतील शेकडो एकवारिक घटक एकमेकांस बांधलेले असल्याने स्वतंत्र रेणूंची संख्या अत्यल्प असते व एंट्रॉपीचा लाभ नगण्य ठरतो. त्यामुळे दोन घटकांमधील किंचित प्रतिकूलताही त्यांना विभक्त करण्यास पुरते. या गोष्टीचे गणिती विवेचन पॉल फ्लोरी व मॉरिस हगिन्झ यांनी स्वतंत्रपणे १९४१-४२ च्या सुमारास केले. त्यांच्या सिद्धांतानुसार दोन्ही शृंखलांची लांबी सारखी असल्यास त्यांच्यातील परस्परक्रिया दर्शविणारा गुणांक आणि शृंखलेतील घटकांची संख्या यांचा गुणाकार २ पेक्षा अधिक झाला की, विशिष्ट प्रमाणांतील मिश्रणे दोन प्रावस्थांत विभागली जातात. पॉलिस्टायरीन व पॉलिमिथिल मेथॅक्रिलेट या जोडीसाठी हा गुणांक केवळ सु. ०.०४ आहे, तरीही प्रत्येक शृंखलेत ५० हून काहीसे अधिक घटक असले, तर विभागणी संभवते. व्यवहारातील शृंखलांत हजार वा त्याहून अधिक घटक असतात. याउलट पॉलिस्टायरीन व पॉलिफेनिलीन ऑक्साइड ही जोडी सर्व प्रमाणांत एकजीव होते. परंतु अशा जोड्या थोड्या आहेत.

विभक्त झालेल्या प्रावस्थांची मांडणी निरनिराळी असते. एका घटकाच्या सलग पार्श्वभूमीवर दुसऱ्याचे गोल थेंब विखुरलेले असतात किंवा दोन्ही घटक एकमेकांत गुंतलेल्या अखंड जाळ्यांच्या रूपात असतात. प्रावस्थांचा आकार काही नॅमी.पासून कित्येक मायक्रोमीटरपर्यंत असू शकतो. पृष्ठभागापाशी हवा आणि आधारपृष्ठ या दोन आणखी बाबी परिणाम घडवितात. ज्या घटकाची पृष्ठ-ऊर्जा कमी असते तो हवेकडे, तर आधारपृष्ठाशी अधिक आकर्षण असणारा घटक तळाकडे जाऊ पाहतो. त्यामुळे पृष्ठभागावरील प्रमाण हे अंतर्भागातील प्रमाणाहून पुष्कळदा भिन्न असते. सबंध पदार्थाचे रासायनिक विश्लेषण अचूक असले, तरी त्यावरून पृष्ठभागाचे स्वरूप सांगता येत नाही.

उपकरणाचा विकास : गेर्ट बिनिख व हाइन्रिख रोरर यांनी झुरिकजवळील प्रयोगशाळेत १९८१ मध्ये क्रमवीक्षी टनेलिंग सूक्ष्मदर्शक बनविला. या कार्याबद्दल त्यांना १९८६ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला. उरलेला अर्धा भाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे जनक एर्न्स्ट रुस्का यांना देण्यात आला. टनेलिंग सूक्ष्मदर्शकात एषणी व नमुना यांच्यामधून विद्युत् प्रवाह वाहावा लागतो. त्यामुळे तो धातू व अर्धसंवाहक यांनाच उपयोगी पडतो; बहुतेक बहुवारिके निरोधक असल्याने ती त्याच्या कक्षेबाहेर राहिली. ही मर्यादा दूर करण्यासाठी बिनिख, केल्व्हिन क्वेट व क्रिस्टोफ गेर्बर यांनी १९८६ मध्ये आणवीय प्रेरणा सूक्ष्मदर्शक पुढे आणला. त्यात सोन्याच्या पातळ पत्र्याच्या पट्टीस हिऱ्याचे अणकुचीदार टोक चिकटविले होते व पट्टीचे वाकणे टनेलिंग प्रवाहाने मोजले जाई. १९८८ मध्ये पट्टीच्या पाठीवरून लेसर किरण परावर्तित करून वाकणे मोजण्याची सोपी पद्धती जी. मेयर व एन्. एम्. आमेर यांनी वर्णिली आणि तीच पुढे रूढ झाली.

रचना व कार्य : आजच्या उपकरणांत सिलिकॉन किंवा सिलिकॉन नायट्राइड यांची, एका बाजूस घट्ट बसविलेली व दुसऱ्या बाजूस मोकळी अशी सु. १०० ते २०० मायक्रोमीटर लांबीची पट्टी असते. मोकळ्या बाजूखाली शंकू वा सूची यांच्या आकाराची एषणी असून तिच्या टोकाची त्रिज्या सामान्यतः ५ ते १० नॅमी. असते. पट्टीच्या पाठीवरून परावर्तित झालेला लेसर किरण चार भागांत विभागलेल्या प्रकाशसंवेदकावर पडतो. पट्टी किंचित वाकली तरी प्रकाशाचा ठिपका सरकतो व त्यावरून वाकणे नॅमी.च्या अंशापर्यंत कळते. दाबविद्युत् स्फटिकांच्या (विद्युत् दाब दिला असता आकारमान बदलणाऱ्या स्फटिकांच्या) साहाय्याने नमुना किंवा एषणी रेषेमागून रेष सरकविली जाते. या क्रमवीक्षणात पट्टीचे वाकणे स्थिर राहील अशा रीतीने पुनःप्रदाय मंडल एषणीची उंची सतत बदलत राहते. उंचीतील या बदलांची नोंद म्हणजेच पृष्ठभागाचे उंचीचित्र होय. निर्वाताची वा धातूच्या मुलाम्याची गरज नसल्याने बहुवारिकाचा नमुना हवेत किंवा द्रवातही तपासता येतो.

कार्यपद्धती : (१) स्पर्श पद्धती : यात टोक पृष्ठभागावर सतत टेकलेले असते. कठीण पदार्थांना ही पद्धती योग्य आहे. परंतु मऊ बहुवारिकांवर बाजूकडून पडणाऱ्या प्रेरणेमुळे पृष्ठभाग खरवडला जातो. ही अडचण आकड्यांनी स्पष्ट होते. हर्ट्‌झ यांच्या १८८२ च्या स्पर्शसिद्धांतानुसार १० नॅमी. त्रिज्येचे टोक १० नॅनोन्यूटन प्रेरणेने पॉलिस्टायरिनावर (स्थितिस्थापकता गुणांक सु. ३ गिगापास्कल) दाबले, तर ते सु. ०.८ नॅमी. आत जाते. रबराचा गुणांक त्याच्या हजाराव्या भागाइतका असल्याने तेवढ्याच प्रेरणेने टोक त्याच्या शंभरपट, म्हणजे सु. ८० नॅमी. खोल जाईल असे सूत्र सांगते. ही खोली टोकाच्या त्रिज्येच्या कित्येक पट असल्याने सूत्राची गृहीतेच येथे मोडतात. याचा व्यावहारिक अर्थ असा की, असे टोक रबराचे चित्र न घेता त्याला भोसकते. म्हणून मऊ घटक असलेल्या मिश्रणांसाठी फार थोडी प्रेरणा, बोथट टोक किंवा पुढील पद्धती वापरावी लागते.

(२) टकटक पद्धती : १९९३ मध्ये प्रचारात आलेल्या या पद्धतीत कणखर पट्टी तिच्या अनुस्पंदन कंप्रतेच्या जवळ, बहुधा सेकंदास सु. ३ लक्ष वेळा, कंपित केली जाते. टोक प्रत्येक कंपनात क्षणभरच पृष्ठभागास स्पर्श करते व त्यामुळे बाजूकडील प्रेरणा जवळजवळ नाहीशी होते. कंपनाचा परमप्रसर (मध्यस्थितीपासून होणारे कमाल स्थानांतरण) स्थिर ठेवून उंचीचित्र मिळविले जाते. त्याच वेळी पट्टीस दिलेली कंपने व तिची प्रत्यक्ष कंपने यांतील कलांतर नोंदविले, तर कलाचित्र मिळते. येथे कंपनाची कला व पदार्थाची प्रावस्था या दोन वेगळ्या संकल्पना आहेत, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

(३) प्रेरणा–अंतर आलेख : एका ठिकाणी टोक खाली आणून दाबले व पुन्हा वर उचलले असता दाबतानाच्या वक्राच्या चढावरून कठीणपणा व उचलताना टोक सुटण्यास लागणाऱ्या ओढीवरून आसंजन मिळते. चिकट पृष्ठभागासाठी हर्ट्‌झ यांच्या सूत्रात आसंजनाची भर घालणारे दोन सिद्धांत १९७१ व १९७५ मध्ये मांडले गेले. पहिला मऊ व चिकट पदार्थांस आणि दुसरा कठीण पदार्थ व लहान टोके यांस अधिक लागू पडतो. असे आलेख चित्राच्या प्रत्येक बिंदूवर जलद घेऊन गुणधर्मांचे नकाशे बनविण्याच्या पद्धतीही प्रचारात आहेत. मोजमाप विश्वसनीय व्हावयाचे तर पट्टीचा स्प्रिंग स्थिरांक आधी ठरवावा लागतो. तो उष्णतेमुळे होणाऱ्या तिच्या स्वाभाविक थरथरीवरून काढण्याची रीत १९९३ पासून वापरात आहे.

कलाचित्राचा अर्थ : मिश्रणांच्या अभ्यासात कलाचित्र फार आकर्षक ठरते, कारण उंचीचित्रात सपाट दिसणारा भागही त्यात गडद व फिकट ठिपक्यांनी भरलेला दिसतो. तथापि फिकट भाग म्हणजे कठीण घटक व गडद भाग म्हणजे मऊ घटक असा सरसकट अर्थ लावणे चुकीचे आहे. जे. पी. क्लीव्हलंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये असे दाखविले की, परमप्रसर स्थिर असताना कलांतराचा थेट संबंध प्रत्येक आघातात व्यय होणाऱ्या ऊर्जेशी असतो. ही ऊर्जा आसंजन, श्यानता (दाटपणा) व पृष्ठभागावरील आर्द्रतेचा थर या सर्वांमुळे खर्च होऊ शकते. शिवाय टोक हलकेच आपटले, तर आकर्षक प्रेरणा आणि जोराने आपटले, तर प्रतिसारक प्रेरणा प्रभावी ठरते. आघाताचा जोर बदलताच त्याच नमुन्यातील गडद व फिकट भागांची अदलाबदल झाल्याचे आढळते. निरनिराळ्या उपकरणांत कलांतराच्या चिन्हाचा संकेतही सारखा नसतो. म्हणून मुक्त परमप्रसर व क्रमवीक्षणातील परमप्रसर या दोन्ही संख्या दिल्याशिवाय कलाचित्राचे वाचन अपुरे राहते. कलाचित्र हा घटकांच्या सीमा दाखविणारा नकाशा आहे. कोणता घटक कोठे आहे, हे त्यावरून आपोआप ठरत नाही.

एक उदाहरण : पॉलिस्टायरीन व पॉलिमिथिल मेथॅक्रिलेट यांचे पातळ पटल हे या क्षेत्रातील सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण होय. दोन्ही बहुवारिके टोल्यूइनात विरघळवून तो विद्राव वेगाने फिरणाऱ्या सिलिकॉनच्या चकतीवर टाकतात. विद्राव बाहेर फेकला जाऊन उरलेल्या थरातील विद्रावक काही सेकंदांत उडून जातो व सु. १०० नॅमी. जाडीचे पटल मागे राहते. उंचीचित्रात त्यावर गोलसर उंचवटे किंवा खळगे दिसतात. दोन्ही घटक नेहमीच्या तापमानास काचेसारखे कठीण असून त्यांचे स्थितिस्थापकता गुणांक जवळजवळ सारखे आहेत. त्यांच्या पृष्ठ-ऊर्जांतही फारसा फरक नाही. त्यामुळे उंचवटा कोणत्या घटकाचा आहे, हे कठीणपणावरून सांगता येत नाही.

एस्. वॉलहाइम व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अशा उंचसखलतेचे कारण विद्रावकात शोधले. टोल्यूइनात पॉलिस्टायरीन अधिक सहज विरघळते. म्हणून पटल सुकताना पॉलिमिथिल मेथॅक्रिलेटाच्या प्रावस्थेतील विद्रावक आधी निघून जाऊन ती प्रथम घट्ट होते. पॉलिस्टायरिनाची प्रावस्था तोपर्यंत फुगलेली असते. पुढे तिच्यातील विद्रावक उडाला की, ती आकसून खाली बसते. म्हणजे पटलावरील डोंगरदऱ्या दोन्ही घटकांच्या अंतिम समतोलामुळे निर्माण झालेल्या नसून सुकण्याच्या क्रमामुळे निर्माण झालेल्या असतात. विद्रावक बदलला की, उंचसखलताही बदलते. तेच पटल काच-संक्रमण तापमानाच्या (दोन्ही घटकांसाठी १००° से. किंवा त्याहून थोडे अधिक) वर बराच वेळ तापविले, तर पॉलिमिथिल मेथॅक्रिलेट सिलिकॉनवरील ऑक्साइडाच्या थरावर पसरण्याचा व पॉलिस्टायरीन त्याच्यावर थेंबांच्या रूपाने गोळा होण्याचा कल दिसतो.

घटकांची ओळख पटविण्यासाठी निवडक विद्रावण वापरतात. प्रथम मूळ पटलाचे चित्र घेतात. नंतर एक तुकडा सायक्लोहेक्झेनात बुडवितात. त्यात पॉलिस्टायरीन विरघळून जाते. दुसरा तुकडा ॲसिटिक अम्लात बुडवितात. त्यात पॉलिमिथिल मेथॅक्रिलेट निघून जाते. धुतलेले तुकडे वाळवून पुन्हा चित्रे घेतली असता कोणता भाग नाहीसा झाला, हे कळते. पात्याने पटलावर चरा पाडून सिलिकॉनपर्यंतची खोली मोजली, तर पटलाची एकूण जाडी मिळते. गेलेल्या भागाची खोली या जाडीइतकी असल्यास तो घटक तळापर्यंत पोहोचला होता, कमी असल्यास त्याच्याखाली दुसऱ्या घटकाचा थर होता, असा निष्कर्ष काढता येतो. अशा रीतीने केवळ पृष्ठभाग चाचपणाऱ्या उपकरणाकडून पटलाच्या अंतर्रचनेचीही माहिती मिळते. विद्रावकामुळे शिल्लक घटक फुगून विकृत होण्याचा धोका असल्याने दोन्ही विद्रावणांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळणे आवश्यक असते.

आभासी रचना : चित्रात दिसणारी प्रत्येक रचना नमुन्यातील नसते. टोकाला स्वतःची जाडी असल्याने लहान उंचवटे आडवे फुगलेले दिसतात. ५ नॅमी. त्रिज्येचा गोल कण १० नॅमी. त्रिज्येच्या टोकाने पाहिला, तर त्याची उंची बरोबर १० नॅमी. मिळते; रुंदी मात्र १० ऐवजी सु. २८ नॅमी. दिसते. अरुंद खळग्यांत टोक तळापर्यंत पोहोचत नाही. टोक तुटून त्याला दोन शिखरे झाली, तर प्रत्येक ठिपक्याची जोडी एकाच दिशेने उमटते. नमुना ९०° तून फिरवूनही ती दिशा बदलली नाही, तर दोष टोकाचा आहे असे समजतात. मऊ घटकाचे कण टोकास चिकटले, तर चित्र मध्येच पुसट होते. दोन बहुवारिकांमधील सीमेची रुंदी काही नॅमी. एवढीच असल्याने ती टोकाच्या त्रिज्येपेक्षा लहान ठरते व तिचे अचूक मापन करण्यासाठी न्यूट्रॉन परावर्तनासारख्या पद्धती वापराव्या लागतात. या कारणांमुळे नमुन्याच्या अनेक ठिकाणी, निरनिराळ्या विवर्धनांनी व शक्य तर दुसऱ्या एषणीने चित्रे घेऊन मगच प्रावस्थांचा सरासरी आकार देण्याचा प्रघात आहे.

उपयोग : ठिसूळ पॉलिस्टायरिनात रबराचे कण विखुरल्याने आघात सहन करणारे प्लॅस्टिक मिळते. वाहनांच्या टायरांत दोन वा तीन रबरे व काजळी किंवा सिलिका एकत्र असतात. ही पूरके कोणत्या रबरात अधिक साठली आहेत, यावर टायराची झीज व रस्त्यावरील पकड अवलंबून असते. अशा नमुन्यांचा पृष्ठभाग खडबडीत असल्याने ते त्यांच्या काच-संक्रमण तापमानाखाली गोठवून हिऱ्याच्या पात्याने कापतात व कापलेल्या सपाट छेदाचे कलाचित्र घेतात. असा छेद अंतर्भागाचे दर्शन घडवितो, मूळ पृष्ठभागाचे नव्हे.

१९९९ मध्ये पॉलिस्टायरीन–पॉलिमिथिल मेथॅक्रिलेट पटलातील पॉलिस्टायरीन विरघळवून काचेवर सच्छिद्र लेप तयार करण्यात आला. छिद्रे प्रकाशाच्या तरंगलांबीहून बरीच लहान असल्याने प्रकाश विखुरला जात नाही. लेपाचा प्रणमनांक कमी होऊन काचेवरील परावर्तन घटते. छिद्रांचा आकार योग्य आहे की नाही, हे या सूक्ष्मदर्शकानेच तपासता येते.

सौर विद्युत् घटांसाठी संवाहक बहुवारिक व फुलेरिनाचे अनुजात (एका संयुगापासून बनविलेले दुसरे संयुग) यांची मिश्रणे वापरतात. प्रकाशामुळे निर्माण झालेली उद्दीपित अवस्था सु. १० नॅमी. अंतर जाईपर्यंतच टिकते. तेवढ्या अंतरात दोन घटकांची सीमा न आल्यास ऊर्जा वाया जाते. २००१ मध्ये अशा घटाचे पटल टोल्यूइनाऐवजी क्लोरोबेंझिनातून बनविल्यावर त्याची कार्यक्षमता जवळजवळ तिप्पट होऊन सु. २.५% झाली. दोन्ही पटलांच्या उंचीचित्रांची तुलना केली असता क्लोरोबेंझिनातून बनविलेले पटल अधिक सपाट व त्यातील प्रावस्था अधिक लहान असल्याचे दिसून आले. घटकांचे प्रमाण तेच असूनही केवळ मांडणीतील फरकाने गुणधर्म किती बदलतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

इतर पद्धतींशी तुलना : पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची विभेदनक्षमता (जवळचे दोन बिंदू वेगळे दाखविण्याची क्षमता) अधिक असते; परंतु बहुवारिकांचे घटक इलेक्ट्रॉनांना जवळजवळ सारखेच भासत असल्याने ऑस्मियम टेट्रॉक्साइडासारख्या विषारी संयुगाने एक घटक रंजित करावा लागतो. क्ष-किरण प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपटविज्ञानाने वरच्या १० नॅमी.पर्यंतच्या थराचे रासायनिक संघटन कळते, पण ते पुष्कळ मोठ्या क्षेत्राच्या सरासरीचे असते. आणवीय प्रेरणा सूक्ष्मदर्शक आकार व यांत्रिक गुणधर्म दाखवितो, रासायनिक ओळख पटवीत नाही. ही उणीव काही अंशी भरून काढणारी पद्धती ए. दाझी व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये वर्णिली. तीत नमुन्यावर अवरक्त लेसरचे स्पंद सोडतात. ज्या घटकाकडून त्या तरंगलांबीचे शोषण होते तो क्षणभर तापून प्रसरण पावतो व त्या धक्क्याने पट्टी थरथरते. त्यावरून टोकाखालील घटकाचा अवरक्त वर्णपट मिळतो. अशी सोय नसलेल्या प्रयोगशाळांत निवडक विद्रावण, शुद्ध घटकांच्या पटलांशी तुलना व प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपट यांची जोड देऊनच मिश्रणाच्या पृष्ठभागाविषयीचे निष्कर्ष निश्चित केले जातात.